मिरजोळे ते गोराई : पाळण्याच्या रांगेत

रत्नागिरी शहराला लागून आमचे मिरजोळे गाव. जांभ्या दगडाचा सडा, मधूनमधून काजू-आंब्याची झाडे, विमानाची धावपट्टी आणि मोठी औद्योगिक वसाहत. या वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. सकाळच्या पाळीला डोक्याला रुमाल बांधून बायका झपझप चालत जातात. संध्याकाळी परततात तेव्हा बर्फातली कोळंबी सोलून सोलून त्यांची बोटे पांढरी पडलेली असतात. आमची आई त्यांच्यातलीच एक. गावातला मुलगा बारावी झाला की त्याच्यापुढे दोनच वाटा असत. एक वसाहतीच्या फाटकाकडे जाणारी आणि दुसरी मुंबईची. आम्ही दुसरी धरली.

आज आपल्या समाजाची मुले-मुली खरोखरीच्या परदेशात शिकायला जातात. आमच्या वेळी मात्र मिरजोळ्याच्या पोराला मुंबई हाच परदेश होता. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यामुळे अंतर कमी झाले. पण भाषा वेगळी, पाणी वेगळे, माणसे वेगळी ही गोष्ट काही बदलली नव्हती. परदेशी शिकणाऱ्या मुलाला घरचा एकच प्रश्न असतो : अभ्यास करतोस ना? आणि मुलाच्या मनात एक प्रश्न असतो, तो तो घरी कधीच विचारत नाही : एक दिवस खेळायला गेलो तर चालेल का? वाचकहो, आज आम्ही तुम्हांला ज्या सहलीची हकीकत सांगणार आहोत ती या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

आमचे बिऱ्हाड डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत, गावकऱ्यांच्या खोलीत होते. भिंतीशी ट्रंका, दोरीवर कपडे, आणि माणसे इतकी की कुशीवर वळायचे तर शेजाऱ्याला सांगावे लागे. शिक्षण फोर्टात, आनंद भवनातील सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालयात. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि १९५३ साली वाणिज्य शाखेचे हे कॉलेज निघाले. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ही बाबासाहेबांची योजना. त्या योजनेमुळेच आम्ही सकाळी हिशेबशास्त्र शिकत होतो आणि दुपारपासून मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्टच्या पेढीवर बिल्ट्या लिहीत होतो. महिन्याला थोडी मनीऑर्डर मिरजोळ्याला जाई.

डिसेंबर २००० मध्ये, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, वर्गातल्या मुलांनी टूम काढली की गोराईला जायचे. एस्सेलवर्ल्ड हे नाव तोपर्यंत टी.व्ही.मुळे घराघरांत पोचले होते. १९८९ साली सुरू झालेले हे खेळ-उद्यान म्हणजे मोठ्या पाळण्यांचे, चक्रांचे आणि घसरणाऱ्या गाड्यांचे गावच. १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम हे पाण्याचे उद्यान आले. आम्हांला दोन्ही पाहायची होती. हिशेब केला. तिकिटे, लोकल, बस, बोट आणि वरखर्च धरून एका दिवसाला जी रक्कम होत होती ती आईच्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीएवढी! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा हिशेब मांडायला कागद लागत नाही. तो रात्रभर डोक्यातच मांडला जातो. शेवटी आम्ही आंतरदेशीय पत्र लिहिले : या महिन्यात मनीऑर्डर कमी येईल, वर्गाबरोबर गोराईला जात आहोत. पत्र पेटीत टाकले आणि वर्गणी भरली.

सहलीला आम्ही सहाजण होतो. एक वेसाव्याचा कोळ्याचा मुलगा, एक भेंडीबाजारातला मुसलमान, एक घाटकोपरची गुजराती मुलगी आणि तिची मराठा मैत्रीण, एक परळचा गिरणी कामगाराचा मुलगा आणि सहावे आम्ही. गिरणीच्या संपानंतर त्या परळच्या मित्राचे वडील वॉचमन झाले होते. म्हणजे पैशाचे ओझे एकट्या आमच्याच खिशात नव्हते.

मालाडला लोकलने उतरून बसने मार्वेच्या धक्क्यावर गेलो. मार्वेला खाडी आहे आणि पलीकडे गोराईचा किनारा. उद्यानाच्या बोटी याच धक्क्यावरून सुटत. आम्ही रत्नागिरीचे, भाट्याची खाडी पाहत वाढलेले, तेव्हा बोटीचे अप्रूप नव्हते. पण मुंबईत इतके दिवस राहून खाऱ्या वाऱ्याचा वास प्रथमच इतका स्वच्छ आला आणि गावची आठवण झाली. ओहोटी होती. दोन्ही काठांना तिवरांची मुळे चिखलातून वर डोकावत होती. कोळी मित्र सांगू लागला, की ही तिवरे आहेत म्हणून मासळीची पिल्ले वाढतात आणि भरतीच्या लाटेने किनारा खचत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारा हा मुलगा बोटीत मास्तर झाला!

आत बाहेरचे खाणे नेता येत नाही असे कळले होते, म्हणून बोटीत चढण्याआधीच धक्क्याच्या कठड्यावर डबे उघडले. आमच्याकडे भाकरी आणि सुकटीची चटणी. गुजराती मुलगी ठेपले घेऊन आली होती. भेंडीबाजारच्या मित्राने नानकटाई आणली होती. ज्याला जे चालत होते ते त्याने घेतले, पण कोणाचा डबा कोणी बाजूला सारला नाही. ठेपल्याबरोबर चटणी चालते का, यावर मात्र बराच वाद झाला.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती रांग. पाळणा कोणताही असो, रांग एकच. लोखंडी कठड्यांच्या मधून नागमोडी फिरत जायचे. पुढे एखादा शेटजी सहकुटुंब उभा असेल, मागे कॉलेजची पोरे, त्यांच्यामागे विरारहून आलेले कामगाराचे कुटुंब. रांगेच्या तोंडाशी एक खांब आणि त्यावर उंचीची पट्टी. ज्याचे डोके त्या पट्टीच्या वर त्याला प्रवेश, ज्याचे खाली तो बाजूला. एका गुटगुटीत मुलाला रखवालदाराने तिथून परत पाठवले तेव्हा त्याने असा आकांत मांडला की सगळी रांग हसू लागली. आम्हीही हसलो. पण मनात आले, या देशात फाटकावर माणसाला काय काय विचारले गेले आहे! इथे फक्त उंची विचारतात, आणि तीही पोराच्याच भल्यासाठी, कारण छातीवरचा दांडा लहान मुलाला नीट बसत नाही.

रुळांवरून धावणाऱ्या त्या गाडीत, म्हणजे रोलर कोस्टरमध्ये बसण्याआधी परळच्या मित्राने तिची रीत समजावून सांगितली. त्याला यंत्राचे वेड. या गाडीला इंजिन नसते. खालून एक साखळी तिला ओढत पहिल्या उंच टेकाडावर नेते. एकदा माथ्यावर पोचली की साखळी सुटते आणि पुढचा सगळा खेळ पृथ्वीच्या ओढीचा. वर चढताना जी शक्ती साठली तिच्यावरच गाडी पुढची वळणे घेते, आणि म्हणून पुढचे प्रत्येक टेकाड पहिल्यापेक्षा ठेंगणे ठेवावे लागते. हे सर्व ऐकून आम्ही मोठ्या धीराने बसलो. साखळी कटकट करीत वर घेऊन गेली. माथ्यावर क्षणभर खाडी, तिवरे, दूर समुद्र असे सगळे दिसले, आणि मग पोटातले सगळे घशात आले! उतरल्यावर जो तो दुसराच कसा ओरडला ते सांगत होता. आम्ही परत रांगेत जाऊन उभे राहिलो.

दुपारनंतर पाण्याच्या उद्यानात गेलो. तिथे नियम असा की सुती कपड्यांनी पाण्यात उतरायचे नाही. नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागले. भडक निळ्या-पिवळ्या चड्ड्या आणि बंडीसारखे सदरे घालून आम्ही बाहेर आलो तेव्हा कोण कोणत्या घरचा हे त्या रंगांत काहीच ओळखू येत नव्हते. तिथे एक अवाढव्य तळे आहे. ते एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला खोल. खोल टोकाकडून यंत्राने पाणी ढकलतात आणि समुद्रासारख्या लाटा येतात. भोंगा वाजला की सगळे जण उथळ बाजूने आत धावतात. शेकडो माणसे होती. म्हाताऱ्या, लेकरे, नवी लग्न झालेली जोडपी, शाळेच्या सहली. लाट आली की सगळे एकदम वर उचलले जात आणि एकदम खाली येत. कोणाचा हात कोणाच्या खांद्याला, कोणाचे पाणी कोणाच्या तोंडात! त्या तळ्यात उभे राहून आम्हांला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली होती आणि परतताना त्यांतल्या कित्येकांनी मार खाल्ला होता. त्या पाण्याला ७३ वर्षे झाली होती आणि इथे कोणी कोणाला काही विचारत नव्हते.

संध्याकाळच्या बोटीने परतलो. केस खारट, डोळे लाल, खिसे रिकामे. लोकलमध्ये उभ्याउभ्या झोप लागली.

मे महिन्यात सुट्टीला मिरजोळ्याला गेलो. आई पैशाबद्दल बोलेल असे वाटले होते. ती कामावरून आली, हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसून गोराईची सगळी हकीकत तिने आमच्याकडून वदवून घेतली. लाटांच्या तळ्यापाशी आलो तेव्हा तिने हातातली फुंकणी खाली ठेवली.

"पान्यात समदी येकाच जागी व्हती काय रं?"

"होय, एकाच जागी."

"आनि कुनी कायच बोललं नाय?"

"कोण कशाला बोलेल? सगळ्यांनी तिकीट काढलेलं."

ती काही वेळ गप्प राहिली. तिच्या माहेरी, त्या गावाचे नाव आम्ही सांगत नाही, तिच्या लहानपणी आपल्या लोकांचा पाणवठा खाली वेगळा होता. वरच्या विहिरीवर बायका पाणी भरून जाईपर्यंत लांब उभे राहायचे, मग कोणीतरी वरून ओतायचे. हे तिने पूर्वी सांगितले होते. त्या संध्याकाळी तिने ते पुन्हा सांगितले नाही. फक्त म्हणाली, "मग पैशे फुकट नाय गेले." आईच्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीचा हिशेब त्या एका वाक्याने पुरा झाला.

आता या गोष्टीचा थोडा विचार करू. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की सहल, पाळणे, खेळ ही पैसेवाल्यांची चैन आहे. चळवळीच्या माणसाने पुस्तक वाचावे, सभेला जावे. पण बाबासाहेबांनी आपले जे अनुभव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने लिहून ठेवले, त्यांतला पहिलाच अनुभव मुलांच्या प्रवासाचा आहे. साल साधारण १९०१. वडील कोरेगावला नोकरीला, मुले साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून नवे कपडे, नव्या टोप्या घालून मुले आगगाडीने निघाली. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले. मसूर स्टेशनला उतरल्यावर जात कळली. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसला नाही. मुलांनीच गाडी हाकली. डबा होता पण पाणी मिळाले नाही, आणि रात्र उपाशी काढावी लागली. मुलांच्या आनंदाचा दिवस कसा नासवला जातो, हे बाबासाहेबांनी त्या वयात पाहिले.

त्याच लिखाणात १९३४ सालची एक सहल आहे. चळवळीतले तीसेक सहकारी आणि बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. दाराशी हौदाच्या पाण्याने धुळीचे हातपाय धुतले म्हणून केवढा गहजब झाला! किल्ला पाहू दिला तो एका शिपायाच्या पहाऱ्यात, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. वकिली करणारा, विलायतेत शिकलेला माणूस सहकाऱ्यांबरोबर एक दिवस सहलीला जातो आणि त्यालाही हे चुकत नाही. आणि हाच माणूस १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. तिथल्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहत होता. युरोप-अमेरिकेतल्या त्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. परदेशी शिक्षणातून पदव्या मिळाल्याच, पण माणसांत माणूस म्हणून वावरण्याची सवयही मिळाली. ही सवय वर्गात जितकी लागते तितकीच वर्गाबाहेर, मित्रांच्या संगतीत लागते.

म्हणूनच राज्यघटनेचे कलम १५ पुन्हा एकदा नीट वाचण्यासारखे आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही कुठे मज्जाव करता येणार नाही त्या जागांची यादी त्यात आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे; तसेच सरकारी पैशाने चालणाऱ्या किंवा लोकांसाठी राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते. करमणुकीची ठिकाणे! २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा, नुसते माल विकण्याचे ठिकाण नव्हे, असे बाबासाहेबांनी स्पष्ट केले. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अशा ठिकाणी अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा ठरला. तेव्हा गोराईच्या रांगेत आम्ही उभे होतो ते नुसते तिकिटाच्या जोरावर नव्हे. त्या तिकिटाच्या मागे कलम १५ उभे होते.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यात ग्लेन एको नावाचे खेळ-उद्यान होते. तिथे काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाचे काळे विद्यार्थी, वर्गमित्रच, तिथल्या लाकडी घोड्यांच्या चक्रावर जाऊन बसले. तू कोणत्या वंशाचा, असे रखवालदाराने विचारताच त्यांच्यातल्या एकाने आपला वंश मानवाचा असे उत्तर दिले. पाचजणांना अटक झाली. त्या उन्हाळ्यात फाटकावर निदर्शने चालू राहिली, शेजारच्या वस्तीतले गोरे लोकही त्यांत सामील झाले, आणि १९६१ च्या हंगामात उद्यान सर्वांना खुले झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले त्यात अशाच एका उद्यानाचा उल्लेख आहे. टी.व्ही.वर जाहिरात पाहून सहा वर्षांची मुलगी तिथे नेण्याचा हट्ट धरते, आणि ते काळ्या मुलांसाठी बंद आहे हे सांगताना बापाची जीभ अडखळते. त्याच वर्षी २८ ऑगस्टला, किंग यांचे वॉशिंग्टनचे जगप्रसिद्ध भाषण झाले त्याच दिवशी, बाल्टिमोरजवळचे ग्विन ओक उद्यान सर्वांना खुले झाले. तिथल्या घोड्यांच्या चक्रावर बसलेली पहिली काळी मुलगी होती अकरा महिन्यांची शेरॉन लँगली. ते चक्र पुढे १९८१ साली वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानात आणले गेले. पाळण्यात बसणे हीसुद्धा इतिहासात नोंदण्यासारखी गोष्ट असू शकते, ती अशी.

गोराईची ती बाजू आता बदलली आहे. एस्सेलवर्ल्ड २०२२ साली लोकांसाठी बंद झाले. पण त्याच्याच शेजारी एक वास्तू उभी राहिली, ती आपल्या वाचकांनी जरूर पाहावी. ग्लोबल विपश्यना पॅगोडाचे उद्‌घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधलेली ही वास्तू ३२५ फूट उंच आहे. आतल्या घुमटाखाली ८००० माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवून घुमट तोलला आहे. ज्यांच्या प्रेरणेने तो झाला ते सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात मंडालेला जन्मले. रत्नागिरीकरांना मंडाले हे नाव परके नाही. मंडालेच्या गादीवरचा शेवटचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून रत्नागिरीत ठेवले; १९१० साली बांधून झालेला त्याचा राजवाडा आजही शहरात आहे आणि १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला.

२०१२ साली आम्ही आईला आणि मुलांना बोटीने तिकडे घेऊन गेलो. एस्सेलवर्ल्ड तेव्हा चालू होते. पॅगोड्याच्या शांत ओट्यावर आम्ही बसलो होतो आणि पलीकडून पाळण्यांतल्या माणसांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. आईने विचारले, "ती मान्सं वरडतात कशाला?" मुलगा म्हणाला, "आजी, भीती वाटते म्हणून." "मग बसतात कशाला?" "मजा येते म्हणून." आई पदर तोंडाला लावून हसत सुटली : "पैशे देऊन भ्याव घेतात!" आयुष्यभर ज्या बाईने फुकटचे भय सोसले तिला हा व्यवहार मोठा नवलाचा वाटला. नातवाने तिला उंचीच्या पट्टीचेही सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "माजी उंची पुरंल काय?" पुरली असती. पण तिला पॅगोड्याची सावली सोडवेना.

आता आजची गोष्ट. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. आता दरवर्षी ७५ जणांची निवड होते. आमच्या ओळखीच्या एका कामगार कुटुंबातली मुलगी अशीच इंग्लंडला शिकायला गेली. तिने एका रविवारी वर्गमित्रांबरोबर स्टॅफर्डशायरमधल्या ऑल्टन टॉवर्स या मोठ्या खेळ-उद्यानात काढलेले फोटो घरी पाठवले. नायजेरियाची एक, चीनची एक, ब्राझीलचा एक आणि मध्ये आपली कन्या. सगळ्यांचे केस वाऱ्याने उभे, तोंडे उघडी. वस्तीत फोटो फिरला. एक-दोघे म्हणाले, शासनाच्या पैशाने शिकायला गेली की पाळण्यात बसायला? तिच्या वडिलांचा चेहरा पडला. आमचे म्हणणे त्या वेळी आम्ही तिथेच सांगितले आणि इथेही सांगतो. तिच्या वर्गातल्या इतर मुलांना हा प्रश्न त्यांच्या देशात कोणी विचारला असेल काय? आपल्या मुलीने परीक्षेत पहिले यावे, पण तिने हसू नये, हा कोणता न्याय? परदेशात एकटेपणाने खचून अभ्यास सोडणारी मुले असतात. ज्यांना चार मित्र असतात ती टिकतात. आणि मित्र काही ग्रंथालयात बोलताबोलता होत नाहीत. तिथे बोलायला बंदीच असते! ते होतात रांगेत, बसमध्ये, डब्यावर आणि पाळण्यात.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली केलेल्या बालहक्कांच्या करारात कलम ३१ आहे. विश्रांती, खेळ आणि करमणूक हा मुलाचा हक्क असे ते सांगते, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. कलम कागदावर आहे. ते घरात आणायचे काम आईवडिलांचे.

हे काम कसे करावे याचा आमच्यापुरता एक उपाय सांगतो. आमच्या वस्तीत आम्ही काही कुटुंबांनी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे. भिशीसारखीच, पण उचल कोणी घ्यायची नाही. वर्षाच्या शेवटी त्यातून सर्व मुलांची एक सहल. पहिल्या वर्षी रत्नागिरीतलाच थिबा राजवाडा आणि भाट्याचा समुद्र. दुसऱ्या वर्षी महाड, चवदार तळे. तिसऱ्या वर्षी मुंबई : चैत्यभूमी, गोराईचा पॅगोडा आणि एक पूर्ण दिवस खेळ-उद्यानात. नियम दोनच. मुलगा आणि मुलगी दोघांनाही न्यायचे, आणि परत आल्यावर कोणत्याही मुलाला निबंध लिहायला लावायचा नाही. ज्याला वाटेल त्याने घरी सांगावे.

मात्र घरी कोणीतरी ऐकायला बसले पाहिजे. दिवसभराची पाळी करून आलेल्या आईला आणि बापाला तेवढा एक तास काढायला आमचा आग्रह आहे. मूल काय पाहून आले, कोणाशेजारी बसले, कोणाच्या डब्यातले खाल्ले, कशाला भ्याले हे त्याला विचारावे. त्याच्या तोंडून आपल्यालाही थोडे जग दिसते.